चार नंबरची बाटली

त्या वासाला घाबरण्यासारखं काय होतं, असं एखाद्या नवख्या माणसाने विचारलं असतं, तर भिंगरीला चटकन सांगता आलं नसतं. कारण वास चक्क गोड होता. द्राक्षांचा घड उन्हात विसरला की सुटतो ना, तसा. शाळेतून येऊन दार ढकललं की आधी तो वास भेटायचा, मग बाबा. आणि तो बाबांच्याच उजव्या अंगठ्यातून यायचा.

बाबा प्लंबर. बावीस वर्षं नळ, तोट्या, टाक्या. गळका पाइप त्यांना नुसता बघून घाबरतो, असं आई म्हणायची. तीन आठवड्यांपूर्वी एका इमारतीच्या गच्चीवरची जुनी टाकी साफ करताना गंजक्या पत्र्याची कड त्यांच्या नखाच्या मुळाशी घुसली. बाबांनी फडकं गुंडाळलं आणि काम पुरं करूनच ते खाली उतरले. ‘एवढंसं तर लागलंय!’ आठ दिवसांत त्या एवढ्याशाचं वांगं झालं. अंगठा जांभळा, तुकतुकीत, आणि नखाखालून हिरवट पू.

एक गोळी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. मग हॉस्पिटलातून तपासणीचा कागद आला. कागदावर बारा औषधांची नावं एकाखाली एक, आणि अकरा नावांपुढे एकच इंग्रजी अक्षर: आर. म्हणजे हा जंतू त्या औषधाला भीक घालत नाही. उरलं एक इंजेक्शन. ते हॉस्पिटलात जाऊन सकाळ-संध्याकाळ घ्यायचं, आणि त्याच्यापुढेही डॉक्टरांनी पेनने प्रश्नचिन्ह काढलं होतं.

“आलाय तो जायचं नाव घेत नाही,” बाबा म्हणाले. “वर खाऊनपिऊन टुणटुणीत. घरजावई आहे हा!”

तेव्हापासून घरात त्या जंतूचं नाव घरजावई पडलं. सगळे हसले. आई सर्वांत जोरात हसली आणि मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ एकच पातेलं घासत बसली.

हॉस्पिटलातल्या सर्जनबाई मात्र हसल्या नाहीत. “गुरुवारपर्यंत वाट बघू. सूज उतरली नाही, तर अंगठा काढावा लागेल. नाहीतर हात जाईल.” त्यांनी हे इतक्या सरळ आवाजात सांगितलं, की भिंगरीला वाटलं, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

अंगठा नसलेल्या माणसाने पाना कसा धरायचा? भिंगरीने त्या दिवशी घरी येऊन धरून बघितला. चार बोटांनी. पाना घसरून फरशीवर असा काही आदळला की खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी काठीने छत ठोकलं.

आता भिंगरीबद्दल. खरं नाव शाळेच्या हजेरीत आहे, ते तिथेच राहू दे. हे नाव आत्याने ठेवलेलं, कारण दोन वर्षांची असताना ती पडेपर्यंत गरगर फिरायची आणि पडल्यावर टाळ्या वाजवायची. आता ती दहावीत होती, आणि या वर्षी तिला एक मोठा शोध लागला होता: आपल्याला येतं! नववीपर्यंत शेवटच्या बाकावर नखं खाणारी ही मुलगी आता प्रश्न संपायच्या आत हात वर करायची. बाई म्हणायच्या, “अगं, मला विचारू तर दे.” आपल्याला येतं हे कळलं की माणसाला वाटायला लागतं, आपल्याला सगळंच येतं. त्या दोहोंमध्ये एक खड्डा असतो. तो भिंगरीला अजून दिसला नव्हता.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावर, व्हरांड्याच्या टोकाला तिची प्रयोगशाळा. आत शिरलं की उकळलेल्या निलगिरीच्या पानांचा वास आणि फ्रिजची घरघर. शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी भिंगरी दीड महिना रोज दुपारी तिथे जायची. काम ऐकायला जादूचं आणि करायला कंटाळवाणं. निलगिरीची पानं धुवायची, चिरायची, उकळायची, काढा गाळायचा. मग चांदीच्या क्षाराचं पाणी, अगदी नितळ, त्यात तो काढा थेंबथेंब सोडायचा आणि ऊब द्यायची. नितळ पाणी आधी पिवळं होतं, मग चहासारखं तपकिरी. याचा अर्थ पाण्यात चांदीचे कण तयार झाले. इतके बारीक की केसाच्या जाडीत हजारो मावतील. हे कण काही हट्टी जंतूंना मारतात. निदान काचेच्या प्लेटमध्ये तरी.

ते चांदीचं पाणी हाताला लागलं की कातडी काळी पडते आणि पंधरा दिवस डाग जात नाही. हातमोज्यांच्या बाबतीत भिंगरी जरा निष्काळजी होती. तिची तीन बोटं काळी होती आणि वर्गात ती ती बोटं मुद्दाम गालावर ठेवून बसायची.

प्लेटमध्ये जंतूंची साय पसरायची, तिच्यावर कागदाच्या छोट्या चकत्या ठेवायच्या, प्रत्येक चकती वेगळ्या बाटलीत भिजवलेली. मग प्लेट उबेच्या कपाटात. दुसऱ्या दिवशी जी चकती जंतू मारते, तिच्याभोवती स्वच्छ गोल वर्तुळ दिसतं. जितकं मोठं वर्तुळ, तितकं औषध जबर. भिंगरीचं काम वर्तुळं मोजायचं.

बाटल्या सहा. सगळ्या गडद रंगाच्या, म्हणजे आत काय आहे ते दिसणार नाही. तिघींत चांदीचे कण, कमी-जास्त जोराचे. एकीत नुसतं चांदीचं पाणी, एकीत नुसता पानांचा काढा, एकीत साधं पाणी. पण कुठलीत काय, हे मोजणाऱ्याला कळता कामा नये. आत्यालासुद्धा नाही. बाटल्यांवर नुसते आकडे, आणि ते चिकटवायचे काचकाका. काचकाका म्हणजे काचेची भांडी धुणारे, निवृत्तीला आलेले गृहस्थ. कुठल्या आकड्यामागे काय, ते एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात बंद करून आत्याच्या खणात ठेवायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, “माझं तोंड शिवलंय. टाके मोजा हवं तर.”

“एवढी लपवाछपवी कशाला गं?” भिंगरीने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

“कारण ज्याच्यावर आपला जीव असतो, त्याचं वर्तुळ माणूस दोन मिलिमीटर मोठंच मोजतो,” आत्या म्हणाली. मग तिने प्रयोगशाळेचे अकरा नियम सांगितले आणि भिंगरीकडून वहीत लिहून घेतले. भिंगरीने लिहिले. चौथ्या-पाचव्या नियमापासून समासात फुलं काढत लिहिले, हेही खरं.

बाबांचा जंतू हॉस्पिटलातून रीतसर मागवून घेतला तो आत्यानेच. शनिवारी त्याची पहिली प्लेट भिंगरीने उजेडात धरली. पाच चकत्यांभोवती थोडंथोडं, कुठे काहीच नाही. आणि चार नंबरभोवती...

“आत्या! एकोणीस! एकोणीस मिलिमीटर!”

“ओरडू नकोस, जंतू दचकतील.”

“दचकू देत! मरू देत मेले!”

“परत मोज. आणि पट्टी नीट धर. तुझ्या इच्छेने धरू नकोस.”

परत मोजलं. एकोणीसच. दुसरी प्लेट, तिसरी प्लेट. चार नंबरच. भिंगरीने स्टुलाभोवती दोन गिरक्या घेतल्या.

“मग बाबांच्या अंगठ्यावर कधी लावायचं?”

आत्याने प्लेटवर झाकण ठेवलं. “नाही लावायचं.”

“म्हणजे?”

“म्हणजे नाही. प्लेटमध्ये रक्त नसतं, हाड नसतं, माणूस नसतो. जंतूला मारणाऱ्या गोष्टी खूप आहेत गं. उकळतं पाणीही मारतं. ओतायचं का तुझ्या बाबांच्या हातावर? हे माणसाला किती चालतं, चालतं की नाही, कुणी तपासलेलं नाही. त्याला वर्षं लागतात.”

“पण गुरुवारी...”

“गुरुवार मलाही माहीत आहे, भिंगरे,” आत्या म्हणाली आणि सिंककडे वळली. “माझा भाऊ आहे तो.”

रविवारभर भिंगरी विचार करत होती. विचार कसला, वकिली. आत्या घाबरट आहे. मोठी माणसं कागदांना घाबरतात. मी काय विष देतेय? चांदी तर आहे! आणि बाबा झोपेत कण्हायला लागले होते. दुपारच्या झोपेत, खुर्चीत बसल्या बसल्या, हात उशीवर उंच ठेवून.

सोमवारी दुपारी आत्याबरोबर तिने नव्या प्लेटा लावल्या. आत्या कपाट बंद करायला वळली, काचकाका भांडी घेऊन बाहेर गेले, आणि भिंगरीने चार नंबरच्या बाटलीतून आठ मिलिलिटर काढून डोळ्यांच्या थेंबांच्या रिकाम्या, धुतलेल्या बाटलीत भरलं. हात जराही थरथरला नाही. याचाच तिला अभिमान वाटला. हाय रे कर्मा!

घरी जखम धुण्याचं काम तिचंच होतं, कारण आई कपड्यांच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला असायची. रोज मिठाच्या पाण्याने धुवायचं, गॉज ठेवायचं, पट्टी बांधायची. त्या दिवशी तिने गॉज तपकिरी पाण्यात भिजवलं.

“हे काय, चहा पाजतेस की काय घरजावयाला?” बाबांनी विचारलं.

“नवीन औषध आहे. आत्याने दिलंय.”

बोलताना तिने मान खाली घातली होती. पण बाबा बघतच नव्हते. त्यांनी डोळे मिटून हात पुढे केला.

“ताईने दिलंय ना? मग झालं.”

‘ताईने दिलंय ना’ हे तीन शब्द तिच्या मनात कुठेतरी जाऊन बसले. पण त्या संध्याकाळी ते टोचले नाहीत. मंगळवारी सकाळी शाळेत जाण्यापूर्वी तिने उरलेलं पाणीही जखमेत सोडलं, अगदी नखाच्या कडेला, खोलवर. बाबांनी दात आवळले. “झोंबतंय का?” “नाही गं. आवडतंय मला.”

मंगळवारी दुपारी ती प्रयोगशाळेत जवळजवळ नाचतच पोचली. आत्या पुढच्या खोलीत फोनवर होती. भिंगरीने कपाट उघडून आदल्या दिवशीची प्लेट काढली, उलटी केली, खिडकीसमोर धरली.

दोन नंबरभोवती मोठं, स्वच्छ वर्तुळ होतं. एकोणीस तरी असेल.

चार नंबरभोवती काहीच नव्हतं.

काहीच नाही म्हणजे, साय थेट चकतीच्या कडेला येऊन टेकली होती. तिथे ती जास्तच दाट दिसत होती, हिरवट, तरारलेली. आणि प्लेटचं झाकण थोडं सरकलं होतं, त्यातून वास आला. द्राक्षांचा.

भिंगरीने दुसरी प्लेट काढली. चार नंबर: काहीच नाही. तिसरी. काहीच नाही. तिने प्लेट फिरवून बघितली, जणू आकडा उलटा वाचला जात असेल. चारचा आकडा कसाही फिरवला तरी चारच राहतो.

तिने वही काढली. पानं उलटताना तिची काळी बोटं एकमेकांत अडकत होती. अकरा नियम. पहिला, हातमोजे. दुसरा, खाणंपिणं नाही. आणि सातव्या नियमाभोवती एक मोठं पाच पाकळ्यांचं फूल, फुलाच्या आत तिच्याच वळणदार अक्षरात:

‘दर सोमवारी सकाळी काचकाका नंबर बदलतात. मागच्या आठवड्याचा नंबर विसरून जायचा.’

फूल छान आलं होतं. पाकळ्यांना छटासुद्धा दिल्या होत्या.

भीती म्हटली की लोक सांगतात, अंगावर काटा येतो, पायाखालची जमीन सरकते. भिंगरीची जमीन जागच्या जागी होती. उलट सगळं फार स्पष्ट दिसायला लागलं: फ्रिजच्या दांड्यावरचा तडा, नळाखाली साचलेला थेंब, खणाची किल्ली. किल्ली खणालाच होती. आपण बाबांच्या जखमेत काय ओतलं? साधं पाणी असेल. असू दे देवा, साधं पाणी असू दे. पण साधं पाणी तपकिरी नसतं. नितळ चांदीचं पाणीही नसतं. मग? तपकिरी म्हणजे कण. कण असते तर वर्तुळ आलं असतं. उरलं काय?

तिचा हात खणाकडे गेला. पाकीट हाताला लागलं, तिने ते उजेडाकडे धरलं...

“ठेव ते.”

आत्या दारात उभी होती. फोन अजून हातात.

“आत्या, मी नुसतं...”

“ठेव आधी. तीन आठवड्यांचं काम आहे, भिंगरे, तू ते...” आणि आत्या थांबली. भिंगरीचा चेहरा बघून थांबली. “काय झालंय?”

आता सांगायचं की नाही, हा प्रश्न भिंगरीच्या मनात आलाच नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. आला. सगळा हिशेब एका श्वासात आला. आत्याची नोकरी. प्रयोगशाळेला टाळं. बाबा म्हणतील, ताईने दिलंय ना. काही झालंच नसेल तर? सूज उतरली तर? दोन दिवस गप्प बसलं तर कुणाला कळणार आहे?

कुणालाच नाही. तेच तर. कुणाला कळलं नाही तर बाबांच्या अंगठ्यात काय चाललंय तेही कुणाला कळणार नाही.

“मी चार नंबरमधलं बाबांच्या जखमेत घातलं,” ती म्हणाली. “काल. आणि आज सकाळी. मला वाटलं ते शनिवारचं चार आहे. तुझं नाव सांगितलं.”

आत्या ओरडेल, कानाखाली वाजवेल, याची ती वाट बघत होती. आत्याने फक्त पाकीट तिच्या हातातून घेतलं आणि फाडलं. तीन आठवड्यांचं काम टर्रकन फाटलं. चिठ्ठीवर तिन्ही आठवड्यांचे आकडे होते, काचकाकांचं अक्षर बारीक; आत्याने ती डोळ्यांजवळ नेली.

“चार,” तिने वाचलं. “नुसता काढा.”

“पानांचा काढा? पण मग... निलगिरी तर चांगली असते ना? सर्दीला...”

“दहा दिवसांपूर्वी उकळलेला काढा आहे. आपण रोज झाकण उघडतो. त्यात साखर असते पानांची, त्यात कायकाय वाढलं असेल...” आत्याने वाक्य सोडून दिलं. पण भिंगरीने ते मनात पुरं केलं. घरजावयाला आपण जेवण वाढलं. हाताने, खोलवर, नखाच्या कडेपर्यंत.

“बाबा कुठे आहे?”

“घरी. पाच वाजता इंजेक्शनला जातात.”

“चल.”

“आत्या, तुझी नोकरी...”

“चपला घाल आणि चल!”

घरापर्यंत पंचवीस मिनिटं चालायचं अंतर. त्या दोघी ते धावल्या. आत्याचं वय बावन्न, गुडघे दुखरे. ती धावताना बघणं हेच भिंगरीला इतकं भयंकर वाटलं की तिने पुढे बघायचं ठरवलं. रस्त्यावर सगळं नेहमीचं चाललं होतं. एक बाई फुलांच्या कुंड्यांना पाणी घालत होती. सायकलवाला शीळ घालत होता. कुणालाच काही माहीत नव्हतं.

दार ढकललं. वास आला नाही. क्षणभर तिचा जीव भांड्यात पडला. मग कळलं, खिडक्या उघड्या आहेत. बाबा खुर्चीत, भर दुपारी दोन पांघरुणं ओढून, आणि त्यांचे दात वाजत होते.

“ताई! तू कशी काय? बघ ना, थंडी किती पडलीय.”

बाहेर ऊन होतं. भिंगरीच्या पाठीवरून घामाचे ओघळ चालले होते.

आत्याने पट्टी सोडली. मग आला वास. आणि अंगठ्यापासून मनगटाकडे एक तांबडी रेघ निघाली होती, पेनने ओढावी तशी सरळ. सकाळी ती नव्हती. भिंगरी शपथेवर सांगू शकली असती की सकाळी ती नव्हती. की होती आणि तिने बघितली नाही?

हॉस्पिटलात बाबांना पडद्याआड झोपवलं. बाहेर सर्जनबाईंसमोर आत्या आधी बोलायला लागली. “माझ्या प्रयोगशाळेतलं द्रावण...” पण भिंगरीने तिचा हात धरला.

“मी घातलं,” ती म्हणाली. “आत्याला माहीत नव्हतं. निलगिरीच्या पानांचा काढा, दहा दिवस जुना. आठ मिली. काल संध्याकाळी सहाला आणि आज सकाळी सातला. खोल घातला.”

सर्जनबाईंनी चष्मा काढला. “कुणी सांगितलं तुला हे करायला?”

“कुणी नाही. मला वाटलं मला येतं.”

बाई काहीतरी जबरदस्त बोलणार होत्या; ते त्यांच्या ओठांपर्यंत आलेलं दिसत होतं. पण त्या पडद्याआड गेल्या, त्यांनी बाबांच्या हातावरची रेघ बघितली, पेन काढून रेघेच्या टोकाशी एक खूण केली आणि बेल दाबली. “गुरुवार नाही. आत्ता. शस्त्रक्रियेची खोली तयार करा.” मग बाहेर येऊन भिंगरीकडे न बघता म्हणाल्या, “वेळ बरोबर सांगितलीस, ते बरं केलंस. नमुना आहे का त्या काढ्याचा?”

आत्याने पिशवीतून चार नंबरची बाटली काढली. ती तिने कधी उचलली होती, देव जाणे.

बाबांना ढकलगाडीवर नेताना त्यांनी मान वळवली. गुंगीचं औषध चढत होतं. “भिंगरे, तोंड कशाला एवढंसं? घरजावयाला आज घराबाहेर काढतोय. वाजतगाजत.” त्यांना अजून काहीच सांगितलेलं नव्हतं. ते तिच्यावर अजून विश्वास ठेवून होते, आणि दार बंद झालं.

बाहेरच्या बाकावर तीन माणसं बसली. कारखान्यातून धावत आलेली आई, आत्या, आणि मध्ये भिंगरी. भिंगरीने आईला सगळं सांगितलं. आई ऐकत राहिली. मग उठून पाणी पिऊन आली आणि परत बसली, पण या वेळी आत्याच्या पलीकडे. मधली ती एका माणसाची जागा भिंगरीला आयुष्यभर आठवणार होती. तासाभराने आई परत इकडे येऊन बसली. भिंगरीची काळी बोटं आपल्या ओढणीने पुसायला लागली, जणू तो डाग पुसून जाणार होता.

साडेसातला सर्जनबाई आल्या.

“वरचं पेर काढलं. खालचं वाचवलंय. सध्यातरी. हाडाच्या बाजूला पुवाची पिशवी होती, ती धुतली. तीन दिवस बघायचं. ताप आला, रेघ वर सरकली, वास आला, तर पुन्हा आत.”

“माझ्यामुळे झालं का?” भिंगरीने विचारलं.

बाई दमल्या होत्या. भिंतीला टेकल्या. “ती पिशवी आठवड्याभराची असावी. म्हणजे तुझ्या आधीची. पण थंडी, ती रेघ, आजच... सांगता येणार नाही.”

“पण नक्की...”

“नक्की कसं सांगू? ताडून बघायला दुसरा अंगठा हवा ना, तोच, काढा न घातलेला. तो कुठून आणू?”

आत्या बाकावर हळूच हलली. साध्या पाण्याची बाटली कशासाठी ठेवतात, हे भिंगरीला दीड महिना पाठ होतं. ते समजलं आत्ता.

ते तीन दिवस. रोज सकाळ-संध्याकाळ नर्स पट्टी सोडायची आणि भिंगरी पलंगाच्या कडेला उभी राहून नाकाने श्वास घ्यायची. सोडायला विसरायची. पेनची खूण मनगटापाशी होती. रेघ त्या खुणेच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे ती मोजपट्टी न घेता, नुसत्या डोळ्यांनी, पुन्हा पुन्हा मोजायची आणि दर वेळी स्वतःला विचारायची, मी माझ्या इच्छेने तर मोजत नाही? म्हणून ती नर्सला विचारायची. मग दुसऱ्या नर्सला. “बाई गं, तू डॉक्टर होणार की सरकारी तपासनीस?” दुसरी नर्स म्हणाली.

जखमेवर हॉस्पिटलाने लावलेली पट्टीही चांदीचीच होती. भिंगरीने वेष्टनावर वाचलं आणि आत्याकडे बघितलं.

“हो. चांदीच. पण कुणीतरी हजारो माणसांवर मोजून, चुकून, लिहून ठेवून मग इथपर्यंत आणलेली,” आत्या म्हणाली. “आपण अजून प्लेटवर आहोत.”

आत्याने विभागप्रमुखांना स्वतः जाऊन सगळं सांगितलं होतं. प्रयोगशाळा महिनाभर बंद, चौकशी सुरू, तीन आठवड्यांची मोजणी बाद. काचकाकांनी फाटलेलं पाकीट चिकटपट्टीने जोडून ठेवलं होतं, का कोण जाणे. नोंदवहीत मात्र आत्याने एक ओळ रिकामी सोडली आणि पेन भिंगरीच्या हातात दिला. भिंगरीने लिहिलं: ‘सोमवार. बाटली चार. आठ मिली कमी. मी घेतले.’ खाली सही. फूल नाही, काही नाही.

बाबांना तिने शुक्रवारी सांगितलं. त्यांनी ऐकलं. खिडकीबाहेर बघितलं. एक कबुतर येऊन गेलं.

“ताईने दिलंय, असं म्हणालीस.”

“हो.”

“ते नको होतं करायला.”

“हो.”

“दुसरं सगळं ठीक आहे. म्हणजे ठीक नाहीये, गाढवे. पण ते... ते नको होतं.” मग त्यांनी पट्टी बांधलेला हात उचलला, आखूड, गुबगुबीत. “पाना आण बघू घरून.”

“बाबा, डॉक्टर म्हणाल्या...”

“उचलत नाही गं. नुसता बघतो. कुठे टेकेल ते.”

तिने संध्याकाळी आणला. बाबांनी तो पांघरुणावर ठेवला आणि अर्ध्या अंगठ्याची पट्टी त्याच्या दांड्याजवळ, न टेकवता, कितीतरी वेळ धरून ठेवली. दोन बोटांचं अंतर. ते त्या अंतराकडे बघत होते. आणि भिंगरी पट्टीकडे.

नर्स आली. शेवटची पट्टी सोडायची वेळ झाली होती, तिसऱ्या दिवसाची. ही स्वच्छ निघाली तर घरी. गॉजचे थर एकेक करून सुटत गेले: पांढरा, पांढरा, मग थोडा पिवळा, मग तपकिरी डाग. भिंगरीने पलंगाची कड धरली.

“रक्ताचा आहे, वाळलेला,” नर्स म्हणाली. “घाबरू नकोस.”

भिंगरी वाकली. इतकी जवळ की तिचं नाक टाक्यांना टेकायला आलं. स्पिरिटचा वास होता. कापसाचा. बाबांच्या हाताला वर्षानुवर्षं येणारा लोखंडाचा. तिने डोळे मिटले आणि त्या सगळ्याच्या मागे, खाली, तळाशी काही गोड आहे का ते शोधत राहिली.

“काय गं?” बाबांनी विचारलं. हसत विचारलं, पण त्यांचा आवाज जरा चिरकला. “आहे का घरजावई?”

“थांबा,” ती म्हणाली. “अजून एकदा बघू दे.”